पांढरी पाच का हलते? गिरगावातल्या एका घरगुती बेस ॲम्पचं प्रकरण

“काका, जी हलतोय. ई तारेचा तिसरा फ्रेट. बाकी सगळे सूर सरळ उभे राहतात, हा एकच हलतो.”

जुलैतल्या एका रविवारी सकाळी हा फोन आला. फोन करणारा मुलगा गिरगावातल्या एका चाळीत राहतो. वय पंचविशीच्या आत. दिवसा नोकरी करतो आणि शनिवार-रविवार मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. जी म्हणजे पांढरी पाचचा सूर, आणि फ्रेट म्हणजे बेसच्या मानेवरची आडवी पट्टी, जिच्यापाशी तार दाबतात. त्याचा ॲम्प आणि कॅबिनेट त्याने स्वतःच्या हाताने बांधलंय. मी गेली अनेक वर्षं ॲम्प, मिक्सर, पेडल अशी कामं करतो, म्हणजे दुरुस्तीची, म्हणून तो माझ्याकडे आला. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण माझ्याआधी तीन जाणत्या माणसांनी तीन वेगवेगळ्या जागी हात घातला होता आणि दोष त्यातल्या एकाही जागी नव्हता. मीही पहिला तासभर चुकीच्याच जागी शोधत होतो.

आधी सामान सांगतो. बेस जॅझ बेसच्या नमुन्याचा, सेकंड हँड, चार तारांचा, दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपचा (पिकअप तारेची थरथर विजेत बदलतो). ॲम्पचं हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा विजेचा भाग, लोखंडी पेटीत बसवलेलं. आत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सगळीकडे मिळतो तो ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरचा बोर्ड, टीएल ०७२ चिपवर केलेला प्रीॲम्प (पिकअपचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) आणि चोर बाजारातून आणलेला ट्रान्सफॉर्मर. एका मोडीत निघालेल्या सभेच्या ॲम्पमधला हा जुना ईआय, म्हणजे ई आणि आय आकाराच्या लोखंडी पट्ट्यांचा ट्रान्सफॉर्मर, ३०-०-३० व्होल्टचा. कॅबिनेट १८ मिलिमीटर प्लायचं, आत १५ इंची स्पीकर, पुढे पोर्ट, म्हणजे खोल सूर वाढवणारं भोक. घनफळ साधारण १०० लिटर, पोर्ट ४५ हर्ट्झच्या आसपास जुळवलेला. मापं त्याने अंदाजपंचे घेतली नव्हती. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्पीकर आणि पेटीचं जे गणित मांडलं, तेच वहीत मांडून त्याने पेटी कापून घेतली होती. सांधे इतके नेटके की पहिल्यांदा बघताना मी नुसता हात फिरवत राहिलो. चाळीच्या जिन्यावरून ती पेटी दोघांनी मिळून वर नेली, एवढंच काय ते कौतुक त्याच्या आईने केलं होतं.

हलणारा जी सुरू झाला तो हे कॅबिनेट घरात आल्यापासून. म्हणजे निदान त्याच्या लक्षात आला तो तेव्हापासून. त्याआधी तो आठ इंची स्पीकरच्या छोट्या प्रॅक्टिस ॲम्पवर वाजवायचा आणि तिथे कधीच काही जाणवलं नव्हतं.

माझ्यापर्यंत येण्याआधी काय काय झालं होतं तेही नोंदवतो. पहिल्या माणसाने सांगितलं, पावसाळ्यात नेक, म्हणजे बेसची मान, हललाय. त्याने ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली ताण देणारी सळई, आवळला आणि तारा बदलायला लावल्या. दुसऱ्याने सांगितलं, शिल्डिंग, म्हणजे बाहेरची विद्युत खरखर अडवणारं आवरण, नाही. मग बेसच्या आतल्या खोबणीला तांब्याची फॉइल लागली. काम सुबक झालं होतं, पण जी होता तिथेच. तिसऱ्याचं म्हणणं, कॅबिनेटच घुमतंय, आत स्पंज भर. तोही भरला. सूर थोडा मऊ झाला, हलायचा तो हलतच राहिला.

दुपारी मी त्याच्याकडे पोहोचलो. खोली दहा बाय बारा. एका भिंतीला कॅबिनेट, त्यावर हेड, आणि पलंगाच्या कडेला तो बेस घेऊन बसलेला. हेडपासून पिकअपपर्यंत जेमतेम दीड फूट. दुसरीकडे बसायला जागाच नव्हती. त्याने ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर बोट ठेवून जी वाजवला आणि धरून ठेवला. पहिले दोन सेकंद सूर भरदार, सरळ. मग तो ओसरू लागला तसा हलायला लागला, जणू कुणी आवाजाचं बटण हळूहळू वरखाली करतंय.

मी ठरवून टाकलं की ही डेड स्पॉटची तक्रार आहे. या धाटणीच्या बेसमध्ये नेकचं लाकूड एखाद्या स्वराला स्वतःच थरथरतं, तारेची ऊर्जा खाऊन टाकतं आणि तेवढा एक सूर लवकर मरतो. मात्र असे डेड स्पॉट बहुतेक वेळा जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास सापडतात, ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर नाही. हे मला माहीत होतं, तरी मी हेडस्टॉकला (नेकच्या खुंट्यांच्या टोकाला) क्लॅम्प लावून वजन वाढवून पाहिलं. डेड स्पॉट असता तर वजनाने तो इकडेतिकडे सरकला असता. काहीच सरकलं नाही. त्यात माझा तासभर गेला.

तेवढ्यात तो सहज म्हणाला, “दादरला शिवाजी मंदिरात वाजवतो तेव्हा मात्र होत नाही.” हे मी सगळ्यात आधी विचारायला हवं होतं. तिथे त्याचा बेस डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल साउंडला जुळवून देणारी डबी) थेट थिएटरच्या साउंडला जातो आणि हेड घरीच राहतं. म्हणजे बेस तोच, नेक तोच, तारा त्याच, तरी तिथे जी सरळ. लाकडाचा दोष घरी हजर आणि दादरला गैरहजर असा होत नसतो.

मी क्लॅम्प काढला आणि त्याला म्हटलं, “आता फक्त वाजव. मी ऐकतो.”

माझे वडील पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करायचे. स्वरपट्टीचं टोक खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो, आणि दोन पट्ट्या जुळल्या की नाही हे ते हेलकाव्यांवरून ठरवायचे. दोन सूर अगदी जवळ आले की आवाज लाटेसारखा वरखाली होतो. जितका फरक जास्त तितके हेलकावे भरभर. जुळले की हेलकावे थांबतात. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा जुळवताना प्रत्येक गवई हेच ऐकतो. शाळेच्या पुस्तकात याला विस्पंद म्हणतात. समोरचा जी हलतोय तो असाच, हे मी ओळखायला हवं होतं, कारण लहानपणापासून रोज हेच ऐकत आलो होतो.

मी घड्याळाचा सेकंदकाटा पाहत मोजलं. जीचा हेलकावा सेकंदाला बरोबर एक. मग त्याला शेजारचे फ्रेट लावायला सांगितले. चौथ्या फ्रेटवरचा जी शार्पही हलत होता, त्याच्या आजवर लक्षात आलं नव्हतं एवढंच. तिथे सेकंदाला जवळपास दोन. दुसऱ्या फ्रेटवर एफ शार्प, तिथे सेकंदाला जवळपास चार, म्हणजे हेलकावे इतके भरभर की जेमतेम मोजता आले. पहिल्या आणि पाचव्या फ्रेटवर ते आणखी भरभर, सहज लक्षात न येणारे. तिसऱ्या आणि चौथ्या फ्रेटच्या मध्ये कुठेतरी एक न दिसणारा सूर सतत वाजत होता आणि बोट त्याच्या जितकं जवळ जाईल तितके हेलकावे संथ होत होते. डेड स्पॉट असा दोन्ही बाजूंना मोजून मापून वागत नाही.

आकडे मांडले की सगळं उघड होतं. ई तारेचा तिसरा फ्रेट म्हणजे ४९ हर्ट्झ. चौथा म्हणजे ५१.९. दुसरा ४६.२५. आणि भिंतीतल्या वायरमधून येणारी वीज ५० हर्ट्झची. ५० वजा ४९ एक. ५१.९ वजा ५० जवळपास दोन. ५० वजा ४६.२५ पावणेचार. घड्याळ लावून मोजलेले तिन्ही आकडे जागेवर बसले.

हार्मोनियमच्या भाषेत जी म्हणजे पांढरी पाच. आपल्या घरातली विजेची घरघर, म्हणजे हम, खालच्या सप्तकांत, पांढरी पाचच्या किंचित वर वाजते. किती वर? सुमारे ३५ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त. ज्याचं कार्यक्रमातलं गाणं पांढरी पाचमध्ये आहे, त्याला ही घरघर चढ्या सुराच्या साथीसारखी कायम बाजूला बसलेली असते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. तिथे हाच हम ए शार्प आणि बी यांच्या मध्ये पडतो, ई तारेच्या सहाव्या आणि सातव्या फ्रेटमध्ये. तिथल्या माणसाला हा प्रश्न विचारला तर तो जीकडे बघणारच नाही. हे मला या प्रकरणातच नीट उमगलं. बाहेरच्या माणसांचा अनुभव जसाच्या तसा इथे आणताना आधी वीज तपासायला हवी.

पक्कं करायला दोन साध्या चाचण्या केल्या. पहिली खुंटीची. त्याला तिसरा फ्रेट धरून सूर वाजवायला सांगितलं आणि मी ई तारेची खुंटी अगदी हळू वर फिरवत गेलो. हेलकावा संथ झाला, दोन सेकंदांना एक, चार सेकंदांना एक, आणि एका जागी सूर स्थिर उभा राहिला. तार त्या क्षणी ५० वर होती. आणखी थोडं वर नेलं की पुन्हा हलायला लागला. पोराने माझ्याकडे पाहिलं आणि “परत करा ना” म्हणाला. आम्ही ते चार-पाच वेळा केलं.

दुसरी चाचणी ट्यूनरची. सगळ्या तारांवर तळवा ठेवून त्या पूर्ण बंद केल्या, ब्रिजच्या, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाच्या, बाजूचा पिकअप पूर्ण उघडला आणि पेडल ट्यूनरकडे पाहिलं. कुणीही काहीही वाजवत नव्हतं. ट्यूनर शांतपणे जी दाखवत होता, काटा उजवीकडे कललेला. हेडस्टॉकला लावायचा चिमटा ट्यूनर मात्र गप्प होता, कारण तो लाकडाची थरथर वाचतो, पिकअपची वीज नाही.

आता प्रश्न असा की हम तर आधीपासून होता, मग जी आत्ताच का हलायला लागला? याचं उत्तर त्याच्या चांगल्या कामात आहे. जुना आठ इंची ॲम्प ५० हर्ट्झ जवळजवळ वाजवतच नव्हता. बेसची ई तार ४१ हर्ट्झची असली तरी छोट्या स्पीकरवर आपल्याला तिचे वरचे स्वरांश ऐकू येतात आणि मूळ सूर कान स्वतः भरून काढतो. हमला तशी सोय नाही. ट्रान्सफॉर्मरचा हम बराचसा एकाच निखळ ५० चा असतो. स्पीकरने तो गिळला की संपला. नवं कॅबिनेट ४५ पर्यंत नीट उतरतं, म्हणून त्याने हम जसा होता तसा समोर आणला. कॅबिनेटमध्ये दोष नव्हता. उलट इतकं बरोबर बांधलेलं नसतं तर हम अजून वर्षभर लपून राहिला असता. हे मी त्याला दोनदा सांगितलं, कारण स्पंज भरायला सांगितल्यापासून त्याचा स्वतःच्या पेटीवरचा विश्वास उडत चालला होता.

शिवाय खोली. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. मुंबईच्या उष्ण हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४८ मीटर धरला तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये पहिली उभी लाट ४७-४८ हर्ट्झला बसते. जी आणि हम दोन्ही तिच्या कुशीत. तो भिंतीला टेकून बसायचा, जिथे ही लाट सर्वांत जोरात असते. त्याला खोलीच्या मधोमध उभं केलं तर हम निम्म्याहून कमी ऐकू आला. दारात उभी असलेली त्याची आई म्हणाली, “इथं तर मला कधीच ऐकू येत नाही.” तीही बरोबर होती.

हम येतो कुठून हे आता शोधायचं होतं. केबल काढून जॅकमध्ये टोक शॉर्ट केलेली पिन घातली. ५० चा खोल हम गेला, पण बारीक, कडक घूं राहिली. ती १०० हर्ट्झची. ती हेडच्या पोटातली, तिच्याकडे नंतर येतो. पुन्हा बेस लावला, हम परत. मग त्याला बेस हातात धरून जागेवरच हळूहळू वळायला सांगितलं. एका कोनात हम जोरात, काटकोनात वळला की जवळपास शून्य. दिशेप्रमाणे बदलणारा हम चुंबकी असतो. मग लांब जायला सांगितलं. दीड फुटावरून तीन फुटांवर गेला तर हम जवळजवळ नाहीसा. ट्रान्सफॉर्मरच्या गळक्या चुंबकी क्षेत्राचा जोर अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो: अंतर दुप्पट, जोर एक अष्टमांश. चाळीच्या खोलीत तेवढे दीड फूटच मिळत नव्हते.

म्हणजे चोर बाजारातला तो ट्रान्सफॉर्मर आणि दीड फुटावरचा सिंगल कॉइल पिकअप एकमेकांशी बोलत होते. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तारेचे हजारो वेढे. बदलतं चुंबकी क्षेत्र दिसलं की तो वीज तयार करतो, मग ते तारेमुळे बदलो की ट्रान्सफॉर्मरमुळे. तांब्याची फॉइल इथे निरुपयोगी का ठरली हेही इथेच कळतं. ती हवेतली विद्युत खरखर अडवते, ट्यूबलाइटची, चार्जरची. ५० हर्ट्झचं चुंबकी क्षेत्र त्या पातळ तांब्यातून सरळ पलीकडे जातं. फॉइल लावणाऱ्याने काम छान केलं होतं, पण या तक्रारीवरचं ते औषध नव्हतं.

जॅझ बेसमध्ये यावर एक जन्मजात उतारा आहे. दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले आणि उलट ध्रुवांचे असतात. दोन्ही पूर्ण उघडले की हम एकमेकांना खातो. हा बेसवाला मात्र ब्रिजचाच पिकअप उघडून वाजवतो, कारण त्याला तो टोकदार आवाज हवा असतो. शिवाय इतक्या जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र दोन्ही पिकअपला सारखं पोहोचत नाही, ब्रिजकडच्याला जास्त. त्यामुळे दोन्ही उघडूनही घरी थोडा हम उरायचा. लिओ फेंडरच्या प्रिसिजन बेसला १९५१ साली साधा एकच पिकअप होता. १९५७ मध्ये तो दोन तुकड्यांत विभागला गेला आणि हम आपोआप कापला जाऊ लागला. जॅझ बेस आला १९६० मध्ये, पुन्हा सिंगल कॉइल घेऊन. आमच्या या मुलाच्या हातात तुकड्यांचा पिकअप असता तर मला गिरगावला जावंच लागलं नसतं.

अर्थिंग

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक गोष्ट घडली आणि ती मला हमपेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते. मी एका हाताने तारा धरल्या होत्या आणि दुसरा हात खिडकीच्या गजाला लागला. झिणझिण्या आल्या. त्याला विचारलं तर म्हणाला, “हो, गाणी लावायला लॅपटॉप जोडला की येतात. पावसात जरा जास्तच.” वर्षभर तो हे सहन करत होता.

टेस्टर हेडच्या पेटीला लावला, दिवा मंद पेटला. मग स्विचबोर्ड बंद करून, मेन उतरवून तीन पिनांचा सॉकेट उघडला. अर्थच्या मोठ्या भोकामागच्या पितळी टोकाला काहीच जोडलेलं नव्हतं. स्क्रू नवाकोरा, वायरच नाही. तीन पिनांची सोय फक्त दिसायला. लॅपटॉपच्या चार्जरमधून फिल्टरच्या कपॅसिटरमार्फत थोडीशी वीज त्याच्या धातूच्या भागावर येत असते. अर्थ जोडलेला असेल तर ती जमिनीत निघून जाते, नसेल तर ऑडिओच्या केबलमधून ॲम्पच्या पेटीवर आणि तिथून बेसच्या तारांवर येते. झिणझिण्या त्याच्या. तेवढ्याने माणूस दगावत नाही. पण जुन्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन एके दिवशी फुटलं तर पेटी आणि तारा थेट २३० व्होल्टला जातात, आणि अर्थ नसेल तर फ्यूज उडत नाही. तो तार दाबून बसलेला असतो, ओल्या फरशीवर पाय.

मी त्याला सांगितलं, आधी इलेक्ट्रिशियन, मग मी. परवानाधारक इलेक्ट्रिशियनने मीटरच्या खोलीतल्या अर्थपट्टीपासून हिरवी वायर त्याच्या खोलीपर्यंत आणली, आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवला. चाळीतल्या शेजाऱ्यांनीही मग आपापले सॉकेट उघडून बघितले. हम कमी व्हावा म्हणून प्लगची अर्थ पिन तोडणारे लोक मी पाहिलेत. तसं कधीही, कुणीही करू नये. लॅपटॉप आणि ॲम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावले की त्या दोघांमधला ग्राउंड लूपचा (ग्राउंड दोन वाटांनी जोडल्याचा) त्रास बहुतेक वेळा उरत नाही, आणि पिनही शाबूत राहते.

हेडच्या पोटात

पुढचा रविवार हेडचा. प्लग काढला, कपॅसिटर रिकामे केले. ३०-०-३० चा ट्रान्सफॉर्मर म्हणजे रेक्टिफायरनंतर (एसीची डीसी करणारा भाग) दोन्ही बाजूंना सुमारे ४२ व्होल्ट, मिळून ८४. त्याला हलकं समजू नये.

१०० ची घूं लगेच सापडली. प्रीॲम्पची ग्राउंड वायर त्याने ब्रिज रेक्टिफायर आणि मोठे ४७०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर यांच्या मधल्या तुकड्यावर जोडली होती. त्या तुकड्यातून कपॅसिटर भरताना सेकंदाला १०० वेळा करंटचे जोरदार फटके जातात, आणि वायर कितीही जाड असली तरी तिच्यावर थोडासा व्होल्टेज पडतोच. प्रीॲम्पने तोच व्होल्टेज ग्राउंड समजून घेतला होता. ती वायर सोडवून कपॅसिटरच्या पलीकडे, सगळे ग्राउंड एकत्र येतात त्या एका बिंदूवर नेली. इनपुट जॅकला प्लॅस्टिकचा वॉशर घालून पेटीपासून वेगळा केला, कारण तिथे ग्राउंड दोन वाटांनी पेटीला जोडलं जात होतं. एवढ्याने घूं गेली. खुली जी तार ९८ हर्ट्झची. तीही आधी सेकंदाला दोनदा हलायची, १०० वजा ९८. हे त्याच्या लक्षातही नव्हतं, पण आता ती सरळ उभी राहिल्यावर तो म्हणाला, “अरे, ही पण हलत होती!”

ट्रान्सफॉर्मरचं काम दोन टप्प्यांत झालं. त्या दिवशी स्क्रू सैल करून तो वेगवेगळ्या कोनात फिरवला. दर वेळी प्लग काढायचा, फिरवायचा, लावायचा, ऐकायचं. सहाव्या वेळी एक कोन असा सापडला की त्याच्या नेहमीच्या बसायच्या जागी हम खूपच उतरला. हा उपाय फुकट आहे आणि बऱ्याच घरगुती ॲम्पमध्ये तेवढाच पुरतो. पण इथे तो पुरेसा नव्हता. जुन्या ईआय ट्रान्सफॉर्मरचं लोखंड पूर्ण दाबात चालतं आणि पट्ट्यांच्या सांध्यांतून चुंबकी क्षेत्र बाहेर गळतं. गणपतीच्या कार्यक्रमांचे पैसे आल्यावर त्याने टोरॉइड घेतला, म्हणजे रिंगेसारख्या गाभ्यावर गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर. क्षेत्र रिंगेतच फिरतं, बाहेर फार थोडं येतं. बसवताना एकच काळजी घ्यायची: मधला बोल्ट वर आणि खाली दोन्हीकडे पेटीच्या पत्र्याला टेकू द्यायचा नाही. टेकला तर बोल्ट आणि पेटी मिळून ट्रान्सफॉर्मरचा एक शॉर्ट वेढा तयार होतो, करंट बेफाम वाहतो आणि फ्यूज उडतो किंवा ट्रान्सफॉर्मर जळतो.

ब्रिजच्या जागी दोन कॉइल एकावर एक रचलेला, हम कापणारा पिकअप बसव असं मी सुचवलं होतं. त्याने स्पष्ट नकार दिला. म्हणाला, आवाज बदलेल. त्याने एका मित्राचा तसा बेस माझ्यासमोर वाजवून दाखवला आणि मला पटलं. वरचा तो कडक दाणा त्यात नव्हता. त्याचे कान बरोबर होते. पिकअप तसाच राहिला.

थिएटरात मात्र एक घूं उरली आहे. ती हेडची नाही. स्टेजच्या दिव्यांचे डिमर अर्ध्या उजेडावर आले की ती वाढते आणि दिवे पूर्ण लागले की जाते. ती वेगळ्या कुळातली.

टोरॉइड लागल्यावर आम्ही पुन्हा ती सगळी चाचणी घेतली. तारांवर तळवा, ब्रिज पिकअप पूर्ण उघडा, ट्यूनर कोरा. मग त्याने तिसऱ्या फ्रेटवर जी वाजवला आणि बोट न हलवता धरून ठेवला. सूर हळूहळू बारीक होत गेला, अगदी शेवटपर्यंत सरळ, तंबोऱ्याची तार विरत जावी तसा. त्याची आई आत मिक्सर लावायला निघाली होती. तो विरेपर्यंत थांबली.

स्पंज कॅबिनेटमधून काढला. एक काम राहिलं होतं, ते म्हणजे पहिल्या माणसाने उगाच आवळलेला ट्रस रॉड. नेक जवळजवळ सपाट झाला होता आणि खालचे फ्रेट घासू लागले होते. त्याला वेगळा रविवार लागला. पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटला बोट, आणि आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्या मध्ये पत्त्यांच्या कॅटमधला एक पत्ता, साधारण ०.३ मिलिमीटरचा. पत्ता शिरतच नव्हता. रॉड पाव आटा सैल केला, तारा सुरात आणल्या आणि पावसाळी हवेत लाकडाला सावरायला एक रात्र दिली. सोमवारी सकाळी त्याचा निरोप आला: पत्ता जेमतेम सरकतोय, काका.